६४ माणसं, ६६ मतं: टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत नेमकं राहतं तरी कोण?

२०२० साली अमेरिकेत दोन मोठ्या मोजण्या झाल्या. एक म्हणजे दर दहा वर्षांनी होणारी जनगणना आणि दुसरी अध्यक्षपदाची निवडणूक.

टेक्सास राज्यातल्या लव्हिंग काउंटीत जनगणनेवाल्यांनी माणसं मोजली, ती भरली ६४. यात लहान मुलंही आली. मग नोव्हेंबरमध्ये मतं मोजली, ती भरली ६६.

डोनाल्ड ट्रम्प यांना ६०, जो बायडन यांना ४ आणि राहिलेली २ मतं तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला. म्हणजे तान्ह्या बाळापासून आजीआजोबांपर्यंत सगळ्यांनी मतदान केलं असतं, तरी हिशोब जुळला नसता.

मग ही दोन मतं आली कुठून? ६४ माणसांसाठी वेगळा शेरीफ, वेगळं कोर्टहाऊस आणि वेगळं सरकार कशासाठी? आणि एवढ्याशा वस्तीवर कब्जा मिळवायला बाहेरची माणसं पुन्हा पुन्हा का येतात? सगळं प्रकरण नीट समजून घेऊ.

आधी हे सांगा, काउंटी म्हणजे काय?

अमेरिकेत देशाखाली राज्य आणि राज्याखाली काउंटी. सोप्या भाषेत, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. संपूर्ण अमेरिकेत अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. त्यातल्या २५४ एकट्या टेक्सासमध्ये. दुसऱ्या कुठल्याही राज्यात एवढ्या नाहीत.

पण जिल्हा आणि काउंटीत एक मोठा फरक आहे. आपला जिल्हाधिकारी परीक्षा देऊन येतो, सरकार त्याची नेमणूक करतं आणि सरकारच बदली करतं. टेक्सासच्या काउंटीत असा वरून येणारा साहेब नसतो. काउंटीचा प्रमुख, पोलिसप्रमुख, कर गोळा करणारा, जमिनीची कागदपत्रं सांभाळणारा, तिजोरी सांभाळणारा, हे सगळे लोकांमधून निवडून येतात.

याचा अर्थ, ज्याच्याकडे मतं त्याच्याकडे काउंटी. लाखभर मतदार असलेल्या काउंटीत हे ठीक आहे. पण जिथे पाच-सहा मतं इकडची तिकडे झाली की निकाल फिरतो, तिथे काय होत असेल, याचं उत्तर म्हणजे लव्हिंग काउंटी.

ही काउंटी आहे कुठे?

टेक्सासच्या पश्चिम टोकाकडे. उत्तरेला न्यू मेक्सिको राज्याची हद्द, पूर्वेला विंकलर काउंटी, दक्षिणेला वॉर्ड काउंटी आणि पश्चिमेच्या बाजूनं वाहणारी पेकोस नदी. नदीपलीकडे रीव्हज काउंटी.

क्षेत्रफळ सुमारे १,७५० चौरस किलोमीटर. म्हणजे बृहन्मुंबईच्या अडीच पटींहून जास्त जागा आणि त्यात ६४ माणसं. हिशोब केला तर दर २७ चौरस किलोमीटरमागे एक माणूस.

जमीन सपाट, कोरडी, काटेरी झुडपांची. हा भाग चिवावा वाळवंटाच्या पट्ट्यात येतो. पाऊस वर्षाला जेमतेम २५ सेंटिमीटरच्या आसपास. पेकोसचं पाणी खारट. १९३६ मध्ये या नदीवर रेड ब्लफ धरण पूर्ण झालं, पण त्यानं काही काउंटीचा बागायती पट्टा झाला नाही. मेंटोन या मुख्य गावात पिण्याचं पाणी कित्येक वर्षं बाहेरून गाडीनं आणावं लागायचं.

मेंटोन हे मुख्य गाव आणि तेच एकमेव गाव. तेही कागदोपत्री 'शहर' नाही. नगरपालिका नाही, महापौर नाही, नगरसेवक नाहीत. त्यामुळे इथे जे काही सरकार आहे ते काउंटीचंच.

गावात शाळाही नाही. मुलं शिकायला शेजारच्या विंकलर काउंटीतल्या विंक गावात जातात. गावात उठून दिसते ती एकच वास्तू, विटांचं साधं, दुमजली कोर्टहाऊस. १९३५ मध्ये बांधलेलं.

'लव्हिंग' हे नाव प्रेमाचं नाही

नावावरून कुणालाही वाटेल की काहीतरी गोड गोष्ट असणार. तसं काही नाही. ऑलिव्हर लव्हिंग नावाचा एक गुरांचा व्यापारी होता, त्याचं हे आडनाव.

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर टेक्सासमध्ये गुरं भरपूर होती, पण गिऱ्हाईक नव्हतं. १८६६ मध्ये लव्हिंग आणि त्याचा भागीदार चार्ल्स गुडनाइट यांनी गुरांचे कळप हाकत पेकोस नदीच्या काठाकाठानं न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरपर्यंत नेले. पुढे ही वाट 'गुडनाइट-लव्हिंग ट्रेल' म्हणून प्रसिद्ध झाली.

पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, याच वाटेवर कोमांचे लोकांच्या हल्ल्यात लव्हिंग जखमी झाला आणि फोर्ट समनरला त्याचा मृत्यू झाला. त्याचा मृतदेह नंतर टेक्सासला आणून पुरण्यात आला.

हा प्रदेश मुळात कोमांचे आणि इतर मूळनिवासी लोकांचा होता, हेही यातून लक्षात येतं. त्यांना हटवल्यावर टेक्सासच्या सरकारनं नकाशावर रेघा मारून काउंट्या पाडल्या. १८८७ मध्ये टॉम ग्रीन काउंटीतून एक तुकडा वेगळा काढला आणि त्याला लव्हिंगचं नाव दिलं.

रेघा मारल्या, पण तिथे राहायला कुणी नव्हतंच. १८९० च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या होती ३.

तीन माणसांच्या काउंटीत १५० मतदार कसे आले?

खरी गंमत इथून सुरू होते.

टेक्सासमध्ये काउंटी नकाशावर असणं वेगळं आणि तिचा कारभार सुरू होणं वेगळं. कारभार सुरू करायचा तर स्थानिक मतदारांनी अर्ज करायचा, निवडणूक घ्यायची, अधिकारी निवडायचे. तोपर्यंत कारभार शेजारची काउंटी बघणार. लव्हिंगचा कारभार रीव्हज काउंटीकडे होता.

१८९३ मध्ये कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरातून काही मंडळी आली. त्यांनी 'लव्हिंग कॅनाल अँड इरिगेशन कंपनी' काढली होती. पेकोसचं पाणी कालव्यानं आणायचं, जमीन भिजवायची, गाव वसवायचं आणि प्लॉट विकायचे, असा बेत.

या धंद्याला काउंटीचं सरकार आपल्या हातात असणं सोयीचं होतं. काउंटी हातात आली की कर लावता येतो, कर्जरोखे काढता येतात. म्हणून त्यांनी रीव्हज काउंटीकडे अर्ज दिला, त्यावर १५० मतदारांच्या सह्या. त्यानंतर जुलै १८९३ मध्ये निवडणूक झाली, ८३ मतं पडली आणि नवे अधिकारी निवडून आले.

तीनच वर्षांपूर्वी जिथे ३ माणसं होती, तिथे १५० सह्या! त्यातली कितीतरी नावं तिथे न राहणाऱ्यांची होती. पुढे तक्रारी झाल्या, गैरव्यवहाराच्या गोष्टी बाहेर आल्या आणि कारभार चालवणारी मंडळी पसार झाली.

शेवटी १८९७ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळानं या काउंटीचा कारभारच मोडीत काढला आणि ती पुन्हा रीव्हज काउंटीला जोडली. १९०० च्या जनगणनेत इथे माणसं निघाली ३३.

ही गोष्ट लक्षात ठेवा. 'मतदार यादीत नाव असलेला माणूस खरंच इथे राहतो का?' हा प्रश्न या काउंटीच्या जन्मापासून तिच्या मागे लागलाय.

तेल निघालं आणि काउंटी दुसऱ्यांदा जन्माला आली

१९२० च्या दशकात इथे तेल सापडलं. तेल म्हटलं की कामगार, हॉटेलं, दुकानं, झोपड्या सगळं आलं. १९३० च्या जनगणनेत लोकसंख्या १९५ झाली.

१९३१ मध्ये लव्हिंग काउंटीचा कारभार पुन्हा सुरू झाला. टेक्सासमध्ये दोनदा स्थापन झालेली ही एकमेव काउंटी आणि २५४ पैकी सगळ्यात शेवटी कारभार सुरू झालेलीसुद्धा हीच. चार वर्षांनी कोर्टहाऊस उभं राहिलं. १९४० मध्ये लोकसंख्या २८५ वर पोचली.

हा तिचा उच्चांक. त्यानंतर उतरंड लागली. १९७० ला १६४, १९८० ला ९१, २००० ला ६७, २०१० ला ८२ आणि २०२० ला ६४.

याच काळात एक नोंद मात्र या छोट्या काउंटीच्या नावावर लागली. १९४५ मध्ये एडना रीड क्लेटन या इथल्या शेरीफ झाल्या आणि मग निवडूनही आल्या. टेक्सासमध्ये शेरीफपदावर निवडून आलेली ही पहिली महिला. त्या बंदूक बाळगत नसत आणि सगळ्या कारकिर्दीत त्यांनी दोनच जणांना अटक केली, असं सांगितलं जातं. पुढे त्यांनी याच कोर्टहाऊसमध्ये बरीच वर्षं क्लार्क म्हणून काम केलं.

या कोर्टहाऊसमध्ये चालतं तरी काय?

'कोर्टहाऊस' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळे कोट आणि तारखा येतात. टेक्सासच्या काउंटीतलं कोर्टहाऊस म्हणजे न्यायालय, कलेक्टर ऑफिस, तहसील, रजिस्ट्रार आणि जिल्हा परिषद, सगळं एका छताखाली.

सगळ्यात वर असतं 'कमिशनर्स कोर्ट'. नावात कोर्ट असलं तरी हे प्रामुख्यानं प्रशासनाचं मंडळ आहे. यात एक 'काउंटी जज' आणि चार कमिशनर. कराचा दर, बजेट, रस्ते, नोकरभरती हे सगळं हीच पाच माणसं ठरवतात. काउंटी जजला वकिलीची पदवी लागत नाही. त्यानं कायद्याची जाण ठेवावी एवढंच राज्यघटना सांगते.

त्यांच्यासोबत शेरीफ. दहा हजारांपेक्षा कमी वस्तीच्या काउंटीत कर आकारणी आणि वसुलीचं कामही शेरीफकडेच देण्याची तरतूद टेक्सासमध्ये आहे आणि लव्हिंगमध्ये तसंच चालत आलंय. मग काउंटी क्लार्क, खजिनदार, काउंटीचा वकील, छोटे खटले ऐकणारा 'जस्टिस ऑफ द पीस' आणि कॉन्स्टेबल. मोठे खटले चालवणारं जिल्हा न्यायालय मात्र लव्हिंग, रीव्हज आणि वॉर्ड या तीन काउंट्यांना मिळून आहे.

आता चार कमिशनरांचं गणित बघा. काउंटीचे चार भाग करायचे आणि प्रत्येक भागातून एक कमिशनर निवडायचा. हे चारही भाग लोकसंख्येनं साधारण सारखे हवेत, हा नियम १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं घालून दिला. योगायोग म्हणजे तो खटला याच पश्चिम टेक्सासमधल्या मिडलँड काउंटीचा होता. तिथे शहरातली जवळपास सगळी वस्ती एका भागात कोंबली होती आणि बाकीचे तीन भाग ग्रामीण होते. कोर्टानं सांगितलं, हे चालणार नाही, प्रत्येक मताची किंमत सारखी हवी.

हाच नियम लव्हिंगला लावला की ६४ भागिले ४, म्हणजे एका कमिशनरमागे १६ माणसं. एखादं कुटुंब गावातून निघून गेलं, तरी मतदारसंघाचं गणित बिघडतं.

ज्युरीचं तर विचारूच नका. अमेरिकेत खटल्याचा निकाल द्यायला सामान्य नागरिकांची ज्युरी बसते. टेक्सासमध्ये छोट्या कोर्टात ६ जण, जिल्हा न्यायालयात गंभीर गुन्ह्यासाठी १२ जण. ही नावं मतदार यादी आणि ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून काढतात. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि अर्धे एकमेकांचे नातेवाईक आहेत, तिथे आरोपीशी काही संबंध नसलेले १२ जण आणायचे कुठून?

पण एवढ्या छोट्या काउंटीसाठी भांडायचं कशाला?

एका शब्दात उत्तर: तेल.

लव्हिंग काउंटी पर्मियन बेसिन या तेलपट्ट्याच्या डेलावेअर बेसिन या भागावर बसली आहे. २०१० नंतर आडवं ड्रिलिंग आणि फ्रॅकिंगचं तंत्र इथे जोरात आलं. जमिनीखाली खोलवरच्या खडकात अडकलेलं तेल बाहेर काढता येऊ लागलं. आज टेक्सासमधल्या सर्वात जास्त तेल काढणाऱ्या काउंट्यांमध्ये लव्हिंगचं नाव येतं.

आता काउंटीच्या तिजोरीत हा पैसा कसा येतो ते बघू.

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. स्थानिक सरकारं मुख्यतः मालमत्ता करावर चालतात आणि इथे जमिनीखालचं तेलसुद्धा मालमत्ता धरलं जातं. आपल्याकडे जमिनीखालचं तेल सरकारचं असतं. अमेरिकेत ते खासगी माणसाच्या मालकीचं असू शकतं. वरची जमीन एकाची आणि खालचं तेल दुसऱ्याचं, असंही होतं. विहिरीतून निघू शकणाऱ्या तेलाची किंमत काढायची आणि त्यावर कर लावायचा, अशी पद्धत आहे.

त्यामुळे ६४ माणसांच्या काउंटीत कर लावण्याजोगी मालमत्ता अब्जावधी डॉलरची आहे. कर भरणार तेल कंपन्या आणि तो खर्च कसा करायचा हे ठरवणार कमिशनर्स कोर्टातली पाच माणसं. त्यांना निवडणार शंभरच्या आत-बाहेर मतदार.

शिवाय काउंटीतल्या नोकऱ्या, रस्त्यांची कामं, कंत्राटं, पगार, हे सगळं कोर्टहाऊसमधून ठरतं. ज्या गावात दुसरा रोजगार म्हणजे तेलाच्या विहिरी नाहीतर गुरं, तिथे कोर्टहाऊस हाच सगळ्यात भरवशाचा मालक.

आणि तेल काढणारे कामगार? ते रोज हजारोंनी येतात. मेंटोनमधून जाणाऱ्या ३०२ क्रमांकाच्या राज्य महामार्गावर टँकर आणि ट्रकची रांग लागलेली असते. कामगार तात्पुरत्या कॅम्पमध्ये राहतात, पाळी संपली की आपापल्या घरी जातात. त्यांचं घर दुसरीकडे, मतही दुसरीकडे. म्हणजे दिवसा काउंटी गजबजलेली आणि मतदानाला मूठभर माणसं.

मग ती दोन जादा मतं? घोटाळा झाला का?

इथे घाई करून चालणार नाही. ६४ आणि ६६ हे आकडे शेजारी ठेवले की डोळे विस्फारतात, पण त्यामागे सरळ कारणंही असू शकतात.

पहिलं कारण, जनगणना १ एप्रिल २०२० या दिवसाची आणि मतदान नोव्हेंबरमधलं. मधल्या सात महिन्यांत माणसं येऊ-जाऊ शकतात.

दुसरं, ६४ हा आकडा अगदी तंतोतंत आहे असं समजू नका. २०२० च्या जनगणनेत लोकांची खासगी माहिती ओळखू येऊ नये म्हणून राज्याच्या खालच्या पातळीवरच्या आकड्यांत मुद्दाम थोडा गणिती फेरफार केला होता. मोठ्या काउंटीत तो जाणवत नाही. ६४ मध्ये एक-दोनचा फरकही उठून दिसतो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'राहणं' या शब्दाचा जनगणनेतला अर्थ आणि निवडणूक कायद्यातला अर्थ वेगळा आहे. जनगणना विचारते, तुम्ही बहुतेक वेळ कुठे राहता आणि झोपता? टेक्सासचा निवडणूक कायदा विचारतो, तुमचं कायमचं घर कोणतं, जिथे तात्पुरतं बाहेर गेल्यावर परत यायचा तुमचा इरादा आहे?

म्हणजे एखादा माणूस मुलांच्या शाळेसाठी शेजारच्या शहरात राहतो, पण त्याचं रँच लव्हिंगमध्ये आहे आणि 'एक दिवस परत जायचंय' असं तो म्हणतो. तो जनगणनेत तिकडे मोजला जाईल आणि मत इकडे देऊ शकेल. कायद्यानं यात गैर काही नाही.

पण इरादा मोजायचा कसा? हा इरादा खरा की फक्त मतापुरता, हे कोण ठरवणार? सगळं भांडण इथेच आहे.

भाऊबंदकी कोर्टात गेली

गेली अनेक वर्षं या काउंटीतल्या बऱ्याच पदांवर एकमेकांच्या नात्यातली माणसं बसलेली आहेत. विरोधातही नातेवाईकच. थोडक्यात, भाऊबंदकी.

एका गटाचं म्हणणं असतं, समोरच्यांचे मतदार इथे राहतच नाहीत, दुसऱ्या शहरातून फक्त मत द्यायला येतात. दुसऱ्या गटाचं म्हणणं, ही आमच्या वाडवडिलांची जमीन आहे, आम्ही इथलेच.

२०२२ मध्ये हा वाद पार टोकाला गेला. ज्युरीच्या कामासाठी हजर झालेल्या काही जणांना 'तुम्ही इथले रहिवासीच नाही' असं म्हणत कोर्टाच्या अवमानाखाली ताब्यात घेण्यात आलं. त्याच वर्षीच्या निवडणुकीत काही जागांचा निकाल मोजक्या मतांनी लागला आणि कुठल्या मतदाराचं घर नेमकं कुठे आहे, यावरून प्रकरणं न्यायालयात गेली.

हे वरवर बघता गमतीशीर वाटतं. पण विचार करा, एखाद्या माणसाला भर कोर्टात सिद्ध करायला लागतंय की आपलं घर हे आपलंच घर आहे. चूक झाली तर खऱ्या रहिवाशाचं मत जातं. सूट दिली तर बाहेरच्या माणसाच्या मतानं खऱ्या रहिवाशाचं मत पुसलं जातं. ज्या ठिकाणी एका मतानं फरक पडतो, तिथे दोन्ही चुका महाग आहेत.

बाहेरच्यांनाही कोर्टहाऊस हवंय

घरातलं भांडण कमी होतं म्हणून की काय, बाहेरूनही लोक येत राहिले.

२००६ च्या सुमारास 'फ्री टाउन प्रोजेक्ट' नावाची एक मोहीम निघाली होती. सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा असं मानणारे काही कार्यकर्ते त्यात होते. त्यांचा हिशोब सरळ होता. मतदार एवढे थोडे आहेत, तर आपले काही डझन लोक तिथे राहायला न्यायचे, निवडणूक जिंकायची आणि काउंटी आपल्या विचारानं चालवायची. जमिनीच्या व्यवहारावरून वाद झाला, शेरीफनं विरोध केला आणि ती योजना बारगळली.

त्यानंतर २०२५ मध्ये पुन्हा असंच. इंडियाना राज्यातल्या एका माणसानं लव्हिंगमध्ये जमीन घेतली आणि सोशल मीडियावरून लोकांना आवाहन केलं, इथे या, मोफत घर मिळवा. उद्देश तोच, मतदार व्हा आणि काउंटी आपली करा.

टेक्सासनं २०२१ मध्ये याबद्दल कायदा केला आहे. निवडणुकीच्या निकालावर प्रभाव टाकण्याच्या उद्देशानं एखाद्या जागी रहिवास दाखवता येणार नाही, असं तो सांगतो. ऐकायला बरोबर वाटतं. पण नव्या जागी राहायला जाऊन तिथल्या कारभारात भाग घेणं हा तर नागरिकाचा हक्कच. मग हक्क कुठे संपतो आणि डाव कुठे सुरू होतो? इथेही प्रश्न पुन्हा इराद्यावरच येतो.

१८९३ ची डेन्व्हरची मंडळी आणि २०२५ चं सोशल मीडियावरचं आवाहन यांच्यात १३० वर्षांचं अंतर आहे. तेव्हा आमिष कालव्याचं होतं, आता घराचं. मात्र दोन्ही वेळा गणित तेच: माणसं कमी, पदं जास्त, आणि पदांच्या मागे पैसा.

मग ही काउंटी बंदच का करत नाहीत?

हा प्रश्न साहजिक आहे. ६४ माणसांसाठी एवढा पसारा कशाला? १८९७ मध्ये जसं रीव्हज काउंटीला जोडलं होतं, तसं आताही जोडता येईल की.

यात दोन बाजू आहेत.

एक बाजू म्हणते, मोठ्या काउंटीत मतदार जास्त असतील, एका घराण्याचा वरचष्मा राहणार नाही, ज्युरी मिळेल आणि तेलाचा पैसा जास्त लोकांच्या कामी येईल.

दुसरी बाजू म्हणते, इथे काम फक्त ६४ जणांचं नाही. रोज ये-जा करणारे हजारो कामगार, अपघात, चोऱ्या, आगी, खराब होणारे रस्ते, हे सगळं लव्हिंगच्या शेरीफलाच आणि काउंटीलाच बघावं लागतं. शिवाय तेलाच्या प्रत्येक कराराची, जमिनीच्या प्रत्येक हस्तांतराची नोंद इथल्या क्लार्कच्या कार्यालयात होते. ते कोर्टहाऊस शेजारच्या काउंटीत गेलं, तर मेंटोनमध्ये उरेल काय?

आणखी एक मुद्दा आहे. अमेरिकेत लव्हिंगनंतर सर्वात कमी वस्तीची काउंटी म्हणजे हवाई राज्यातली कलावाओ, २०२० मध्ये लोकसंख्या ८२. पूर्वी कुष्ठरोग्यांना जिथे सक्तीनं ठेवत, तो हा भाग. तिथे निवडून आलेलं काउंटी सरकारच नाही, राज्याचा आरोग्य विभाग कारभार बघतो. म्हणजे कमी वस्तीच्या जागेचा कारभार वेगळ्या पद्धतीनं चालू शकतो. फक्त त्यात आपला कारभारी आपण निवडायचा हक्क जातो. लव्हिंगची माणसं कितीही भांडली, तरी हा हक्क सोडायला कुणी तयार होईल असं दिसत नाही.

थोडक्यात काय?

लोकशाही म्हणजे लोकांचं राज्य, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: 'लोक' म्हणजे कोण? जो इथे झोपतो तो? ज्याची इथे जमीन आहे तो? जो इथे राबतो तो? की ज्याला एक दिवस इथे परत यायचंय तो?

मोठ्या शहरात या प्रश्नाचं उत्तर थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जातं. लाखो मतांत दहा-वीस मतं हरवतात. लव्हिंग काउंटीत लपायला तेवढी गर्दीच नाही. तिथे प्रत्येक नावाला चेहरा आहे, प्रत्येक चेहऱ्याला नातेवाईक आहेत आणि त्या सगळ्यांखाली तेल आहे.

काउंटी जजची पुढची निवडणूक २०२६ मध्ये आणि पुढची जनगणना २०३० मध्ये. तेव्हा मेंटोनच्या कोर्टहाऊसमध्ये पुन्हा मतं मोजली जातील आणि काउंटीत पुन्हा माणसं मोजली जातील. हे दोन आकडे पुन्हा शेजारी ठेवून बघणारे लोक मात्र आता खूप असतील.